वाट पाहण्याची मुदत

त्रिशला मगदूमनं 'अनुनाद'चं पान पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यात वाट पाहण्याला मुदत नव्हती. माणसानं प्रश्न टाकायचा, की पडद्यावर एक निळं वर्तुळ फिरू लागायचं. उत्तर आलं की वर्तुळ जाऊन त्या जागी शब्द उमटायचे. आलं नाही तर वर्तुळ फिरतच राहायचं.

अनुनाद म्हणजे ज्यांची वाचा आजारानं पूर्ण गेली आहे, पण बुद्धी शाबूत आहे, अशा रुग्णांसाठीचं यंत्र. मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात, त्या भागावर नखाएवढी एक जाळी बसवत. रुग्णानं शब्द उच्चारायचा नुसता प्रयत्न करायचा. जीभ हलायची नाही, पण हुकूम सुटलेला असायचा, आणि जाळी तो टिपायची. पुण्यातल्या सर्व्हरवर त्या हुकुमांतून शब्द ओळखले जात आणि घरच्यांच्या फोनवर, साध्या ब्राउझरमध्ये, ते लिहून येत. प्रश्न रुग्णाच्या कानातल्या छोट्या यंत्रात ऐकू येई. त्यामागोमाग एक बारीक गुणगुण सुरू होई, म्हणजे तुमचं ऐकणं चालू आहे. ऐकणं संपलं की एकदा घंटी वाजे.

पहिल्या चाचण्यांच्या काळात नागपूरहून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला होता. त्यांनी बायकोला काहीतरी विचारलं होतं आणि दुपारभर ते वर्तुळाकडे बघत बसले होते. नंतर कळलं, की नेट सकाळपासूनच बंद होतं. ते चिडले नव्हते. ते इतकंच म्हणाले, की ती गप्प आहे की तुमचं यंत्र गप्प आहे, एवढं समजलं तरी मला पुरे.

त्या फोनवरचं बोलणं त्रिशलाच्या मनाला लागलं. तिनं पानाला मुदत घातली.

ब्राउझरमध्ये त्याची सोय असते. मागणी पाठवतानाच तिला जणू एक दोरी बांधायची. ठरलेला वेळ संपला की घड्याळ ती दोरी ओढतं. माणसाला वाट बघायची नसेल तर तोही ओढू शकतो. दोरी ओढली की मागणी तिथल्या तिथं रद्द होते आणि पान मोकळं होतं. दोरी घड्याळानं ओढली, माणसानं ओढली, की मधेच तुटली, म्हणजे नेट गेलं, हेसुद्धा ब्राउझर वेगवेगळं सांगतो. त्रिशलानं सुरुवातीला तिन्हींसाठी तीन निरनिराळे निरोप लिहिले होते, लाल अक्षरांत. चाचणीतली माणसं ते लाल निरोप बघून घाबरली. एका बाईंना वाटलं, नवऱ्याच्या डोक्यातली जाळीच बिघडली. मग बैठक झाली आणि ठरलं, की काहीही झालं तरी एकच सौम्य वाक्य दाखवायचं, फिक्या राखाडी रंगात. 'उत्तर नाही.' ते वाक्य त्रिशलानंच सुचवलं. सगळ्यांना आवडलं.

मुदत ठरली तीस सेकंदांची. चाचणीतले रुग्ण दहा-बारा सेकंदांत उत्तर देत, तेव्हा तीस म्हणजे ऐसपैस होते. दोरी ओढली गेली की सर्व्हरनंही ऐकणं थांबवावं, अशी जोडणी तिनं करून दिली, कारण ज्याची वाट कुणी बघत नाही असं उत्तर शोधत बसण्यात अर्थ नव्हता आणि रांगेत बाकीचे रुग्ण होते. काम नीटनेटकं झालं होतं. पुढं ती दुसऱ्या कामाला लागली.

तिचा मोठा भाऊ सुकुमार याचं जयसिंगपुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या पंपांच्या मोटारी उघडून तो त्यांत नवी तांब्याची तार भरायचा. वडील लवकर गेले. त्रिशलाला इंजिनिअरिंगला घातलं ते त्यानं, आणि तिला वीज म्हणजे काय हे पहिल्यांदा समजलं तेही त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून. तो भरपूर बोलायचा. दुकानातल्या आवाजाची सवय असल्यामुळं फोनवरही ओरडूनच बोलायचा. त्रिशला पुण्यात फोन कानापासून लांब धरायची.

एका उन्हाळ्यात त्याच्या बोटांतून तार निसटायला लागली. मग पाना. मग जेवताना पाण्याचा तांब्या. मिरजेच्या डॉक्टरांनी निदान केलं: स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जाण्याचा आजार. औषधं त्याचा वेग कमी करत होती. थांबवत नव्हती. बोलणं जड झालं, मग फक्त घरच्यांना समजेल इतकं उरलं, आणि ते पूर्ण जायच्या आत त्रिशलानं धावपळ करून त्याचं नाव अनुनादच्या यादीत घातलं.

जाळी बसल्यावर त्याचं पहिलं वाक्य आलं ते राजमतीला, त्याच्या बायकोला. तिनं विचारलं होतं, की पंखा लावू का. उत्तर आलं: 'लाव, आणि दुकानाची किल्ली दुसऱ्या कुणाला देऊ नको.' राजमती हसता हसता रडायला लागली.

ते वर्ष चांगलं गेलं. निपाणीच्या अलीकडच्या एका गावात त्यांची आई राहायची. तिला सगळे अव्वा म्हणत. खुबा मोडल्यापासून ती अंथरुणावरच होती, पण गाव सोडायला तयार नव्हती. शेजारच्या घरातली सून तिचं बघायची. त्रिशलानं अव्वाला एक टॅब नेऊन दिला. अव्वा त्यात बोलायची, ते सुकुमारच्या कानात पोचायचं, आणि त्याचं उत्तर टॅबवर मोठ्या अक्षरांत उमटायचं. अव्वाचा प्रश्न ठरलेला असे. "जेवलास का रं?" तो उत्तर द्यायचा, जेवलो. काय जेवलास, हेही सांगायचा. नळीतून पोटात जाणाऱ्या पातळ पेजेला तो कधी झुणका म्हणायचा, कधी वांग्याची भाजी. अव्वा ते सगळं खरं धरायची.

मग त्याची उत्तरं उशिरा येऊ लागली.

या आजारात जाळीच्या खालच्या पेशीही थकत जातात. हुकूम सुटतो, पण क्षीण. गर्दीत कुणी कुजबुजावं आणि आपल्याला एक शब्दही नीट ऐकू येऊ नये, तसं यंत्राचं होतं. ते ताबडतोब चुकीचा शब्द सांगत नाही. माणूस तोच शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि यंत्र दर वेळी थोडी थोडी खात्री गोळा करतं. पुरेशी खात्री झाली की शब्द लिहितं. म्हणजे उत्तर बरोबरच येतं, फक्त वेळ लागतो. आधी वीस सेकंद लागायचे. मग पंचवीस. त्यापुढचं कुणाला दिसलं नाही.

घरच्यांना दिसलं ते असं: सुकुमार हळूहळू गप्प होत चालला. छोट्या प्रश्नांना हो-नाही यायचं, मोठ्यांना 'उत्तर नाही'. नंतर छोट्यांनाही तेच. राजमती काळजीनं पुन्हा विचारायची, आणि पान असं लिहिलेलं होतं, की नवा प्रश्न टाकला की जुना आपोआप रद्द व्हायचा. ती जितक्या वेळा विचारायची, तितक्या वेळा त्याचं अर्धं झालेलं वाक्य पुसलं जायचं. मग ती थकून त्याच्या कपाळावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बरं, राहू दे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की अशा आजारात मन खचतं, माणूस स्वतःला मिटून घेतो. ते पटण्यासारखं होतं. त्याच्यासमोर या विषयावर अक्षर काढायचं नाही, असं राजमतीनं घरात ठरवून टाकलं. जे काय बोलायचं ते स्वयंपाकघरात, दार लोटून. त्याला वाईट वाटू नये, एवढाच तिचा हेतू होता.

अव्वानं एकदा त्रिशलाला फोन करून विचारलं, की सुकुमार माझ्यावर रागावलाय का. त्रिशला म्हणाली, की तसं नाही, त्याचं मन बरं नाही. अव्वा म्हणाली, की मन बरं नसलं तरी आईला कुणी जेवलो म्हणून सांगायचं सोडत नाही. तिनं आणखी काही दिवस विचारलं. नंतर टॅब कपाटात ठेवून दिला.

पावसाळ्याच्या अखेरीस सुकुमारचा श्वास अपुरा पडू लागला आणि त्याला मिरजेच्या इस्पितळात न्यावं लागलं. तोंडावर मास्क होता, पण तो पुरत नव्हता. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि श्वासाचं यंत्र कायमचं जोडायचं, एवढाच मार्ग उरला होता. एकदा ते जोडलं की पुढचे निदान काही महिने खोलीबाहेर पडणं नाही. संध्याकाळपर्यंत ठरवायला हवं होतं.

त्या सुमाराला अनुनादवरचं उत्तर रुग्णाची संमती म्हणून कायद्यानं मान्य झालं होतं. त्याच नियमात एक ओळ होती: तीनदा विचारूनही पानावर 'उत्तर नाही' आलं, तर निर्णय जवळच्या नातेवाइकानं घ्यावा. बैठकीतल्या चार माणसांनी सौम्य दिसतं म्हणून निवडलेले दोन शब्द आता नियमात जाऊन बसले होते.

त्रिशला पुण्याहून आली होती. राजमतीनं तिच्यासमोरच फोनवर प्रश्न लिहिला. 'अहो, श्वासाची नळी बसवायला सांगू का?' वर्तुळ फिरलं. उत्तर नाही. तिनं पुन्हा विचारलं. सुकुमारचे डोळे छताकडे होते. तेवढेच आता त्याच्या ताब्यात होते, तेही थोडेसे. तिसऱ्या वेळी राजमतीनं त्रिशलाला दाराबाहेर नेऊन फोन दिला आणि हळूच म्हणाली, की तू विचार, कदाचित तुला सांगतील. त्रिशलानं विचारलं. तिसरं 'उत्तर नाही' उमटलं.

दोघी बाहेर येऊन बाकावर बसल्या. राजमती म्हणाली, की आधी बोलता येत होतं तेव्हाही हा विषय काढला की ते नंतर बघू म्हणायचे. त्यांच्या मनात काय आहे ते मला खरंच ठाऊक नाही.

"तो निर्णय आपल्यावर सोडतोय, वहिनी," त्रिशला म्हणाली. "मी त्याला ओळखते. नको असतं तर तो नको म्हणालाच असता."

राजमतीनं आत जाऊन नवऱ्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "बरं. बसवतो नळी." आणि सही केली.

नळी बसली. सुकुमार वाचला. घरातली पुढची खोली यंत्रासाठी मोकळी केली, वीज गेली तर म्हणून बॅटऱ्या आणून ठेवल्या. तो बरा दिसत होता. फक्त त्यानंतर त्याच्याकडून एकही शब्द आला नाही.

अव्वा संक्रांतीनंतर गेली. झोपेतच गेली. तिचं सगळं आटोपून जयसिंगपूरला परत आल्यावर सुकुमारला कोण सांगणार, असा प्रश्न होता. राजमतीला जमेना. त्रिशला त्याच्या पलंगाशी बसली आणि पान उघडून त्याला सांगितलं. दादा, अव्वा गेली. काही म्हणायचंय तुला? यंत्र त्याला श्वास देत होतं आणि काढून घेत होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं. मग पडद्यावर ते दोन शब्द आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला भावाचा राग आला. निदान आज तरी बोलायचं होतं, असं ती मनात म्हणाली. पान बंद करून ती स्वयंपाकघरात गेली.

मार्चमध्ये डॉक्टर फरीदा मुजावर जयसिंगपूरला आल्या. अनुनादचं ऐकण्याचं गणित मुळात त्यांनी बसवलेलं. जुन्या रुग्णांच्या जाळ्या पुन्हा जुळवण्यासाठी त्या गावोगाव फिरत होत्या, आणि सुकुमार त्रिशलाचा भाऊ म्हणून मुद्दाम तिच्या सुट्टीचा दिवस बघून आल्या होत्या. त्या ब्राउझरचं पान वापरत नसत. त्यांच्याकडं स्वतःचं उपकरण होतं, थेट जाळीला जोडायचं.

राजमतीनं त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं, की ते बोलत नाहीत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. फरीदाबाईंनी मान डोलावली, उपकरण जोडलं आणि जुळवणीचे नेहमीचे प्रश्न सुरू केले. पहिला प्रश्न, तुमचं नाव काय. त्या उपकरणाकडं बघत शांत बसून राहिल्या. राजमती चहा ठेवायला गेली. त्रिशलाही उठत होती, तेवढ्यात फरीदाबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, म्हणून ती चकित होऊन थांबली. उपकरणाच्या पडद्यावर लिहिलेलं होतं: सुकुमार भूपाल मगदूम.

"काही दुखतं का?" फरीदाबाईंनी विचारलं.

मिनिटभर काही नाही. त्याहून थोडा अधिक वेळ गेला. मग एकेक अक्षर येऊ लागलं. 'डावी टाच.' त्रिशलानं पांघरूण बाजूला केलं. डाव्या टाचेखाली कातडी लाल होऊन सोलायला आली होती.

तिनं टाचेखाली उशी सरकवली. मग त्याच्यासमोर बोलायचं नाही म्हणून ती फरीदाबाईंना बाहेर ओसरीवर घेऊन गेली. ती म्हणाली, की तो आमच्याशी बोलत नाही. वर्ष होत आलं.

"बोलत नाहीत कसं?" फरीदाबाई म्हणाल्या. "हळू आहेत, पण सिग्नल अगदी स्वच्छ आहे. तुझं पान किती वेळ थांबतं?"

त्रिशला आतून पिशवी घेऊन आली. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, पान उघडलं आणि त्याच्यामागची ती खिडकी उघडली, जिच्यात ब्राउझरनं केलेली प्रत्येक मागणी ओळीनं दिसते. मग तिनं भावाला एक साधा प्रश्न टाकला. वर्तुळ फिरलं. तीस सेकंद झाले आणि ती ओळ लाल झाली. पुढं लिहिलं होतं, रद्द. रद्द कुणी केलं, तेही तिथं होतं: घड्याळानं. वर पानावर, घरच्यांना दिसायच्या जागी, फिक्या राखाडी अक्षरांत होतं: उत्तर नाही.

नागपूरच्या त्या गृहस्थांना इतकंच हवं होतं, की माणूस गप्प आहे की यंत्र. आणि तिनं नेमका तोच फरक पुसून टाकला होता.

फरीदाबाईंनी तिच्या खांद्यामागून ते वाचलं. मग म्हणाल्या, की चूक तुझ्या एकटीची नाही, पेशी थकल्या की वेळ वाढत जाणार हे मला माहीत होतं आणि पान किती थांबतं हे मी कधी विचारलंच नाही. मी धरून चालले, की ते थांबत असेल.

"आणखी किती असतील असे?" त्रिशलानं विचारलं.

फरीदाबाई म्हणाल्या, की पुण्याला जाऊन बघायला हवं. बरेच असणार.

त्रिशला त्याच संध्याकाळी पुण्याला गेली. दुरुस्ती फार मोठी नव्हती, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. मुदत काढून टाकली. घरच्यांनी पान बंद केलं किंवा नवा प्रश्न विचारला, तरी सर्व्हरनं जुन्याचं ऐकणं सोडायचं नाही, अशी व्यवस्था केली. आलेलं उत्तर, मग ते तासानं आलेलं का असेना, त्याच्या प्रश्नाखाली जपून ठेवायचं. नेट गेलं असेल तर नेट गेलं असं सांगायचं. आणि रुग्ण अजून प्रयत्न करतो आहे असं जाळीवरून दिसत असेल, तर पानावर लिहायचं: बोलत आहेत, थांबा.

घंटीचाही विचार तिला तेव्हाच आला. कानातल्या यंत्रात एकच घंटी होती. उत्तर पूर्ण झालं तरी तीच, आणि दोरी ओढली गेली तरी तीच. ती खुर्चीत मागं टेकून बसली. दादानं वर्षभर काय ऐकलं असेल, हे आता तिच्या लक्षात यायला लागलं. प्रश्न आला. तो बोलू लागला. घंटी वाजली. म्हणजे निरोप पोचला. मग राजमतीचा आवाज: बरं, राहू दे.

नवं पान सुरू झालं तसे देशभरातून निरोप यायला लागले. कुणाचे आजोबा, कुणाची बायको, कुणाचा मुलगा, जे गप्प झाले म्हणून सोडून दिले होते ते बोलत होते. काही जणांच्या जाळ्या, प्रतिसाद नाही म्हणून, आधीच काढून दुसऱ्यांना बसवल्या होत्या. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं. त्रिशलानं त्यातल्या काहींना स्वतः फोन केले. एका बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे तुम्ही मला का सांगितलंत.

सुकुमार मात्र बोलला नाही. राजमतीनं नव्या पानावर रोज विचारलं आणि सांगितलं तसं थांबूनही बघितलं. दुपारच्या दुपारी गेल्या. पानावर एकदाही 'बोलत आहेत' आलं नाही. परक्या डॉक्टरीणबाईंना त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि घरच्यांना तो काहीच सांगत नव्हता. राजमती फोनवर म्हणाली, की त्रिशला, तुझं पान आता बरोबर असेल. मला वाटतं, त्यांनाच आमच्याशी बोलायचं नाही.

त्रिशला पुढच्या रविवारी सकाळी जयसिंगपूरला आली. राजमतीला तिनं जवळ बसायला सांगितलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाहेर रस्त्यावर कलिंगडवाला ओरडत होता. या वेळी तिनं प्रश्न विचारला नाही. फोन पलंगाच्या कडेला उघडून ठेवला आणि भावाकडं बघत तोंडानंच सांगायला लागली. पान कसं लिहिलं, मुदत का घातली, त्याच्या पेशी कशा थकल्या आणि घंटी कशी एकच होती. त्याला वीज समजत होती, मोटार समजत होती, तेव्हा तिनं काहीही सोपं करून सांगितलं नाही. बैठकीत ते शब्द कुणी सुचवले, तेही सांगितलं.

"दादा, तुला वाटलं असेल आम्ही ऐकलं आणि बाजूला टाकलं," ती म्हणाली. "आम्ही ऐकलंच नाही. इस्पितळात तू काय म्हणालास, ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. आजही माहीत नाही."

त्याचे डोळे तिच्यावर होते. श्वासाच्या यंत्राचा भाता फुगत आणि बसत राहिला. खूप वेळानं राजमतीनं त्रिशलाच्या मनगटाला हात लावला. फोनवर अक्षरं आली होती: बोलत आहेत, थांबा.

दोघी थांबल्या. कलिंगडवाला पुढच्या आळीत गेला. राजमतीनं शेगडी तशीच पेटती ठेवली होती आणि दूध उतू गेल्याचा वास येत होता, पण ती उठली नाही. पहिला शब्द आला, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

'आधी अव्वाकडे न्या म्हणालो. मग नळी.'

राजमतीनं ते मोठ्यानं वाचलं. निपाणीची ती वाट गाडीनं दीड तासाची होती. त्या दुपारी मास्क लावून, गाडीत घालून, त्याला नेता आलं असतं. डॉक्टर कुरकुरले असते, पण नेता आलं असतं. अव्वा तेव्हा होती. त्याचं काहीच अवघड म्हणणं नव्हतं.

"तीनदा म्हणालात?" राजमतीनं विचारलं.

'तीनदा.'

ती पलंगाच्या कडेवर डोकं टेकून बसली. त्याच्या बोटांवर तिनं आपला हात ठेवला. ती बोटं काही हलण्यासारखी नव्हती. त्रिशलाला वाटलं, आता काहीतरी म्हणावं, क्षमा मागावी. पण फोनवर पुन्हा ती ओळ आली होती, आणि त्याच्या बोलण्यात मध्येच बोलायला ती घाबरली.

या वेळी त्याला फार वेळ लागला. एक शब्द येऊन थांबला. यंत्राला खात्री होईना, की त्यालाच म्हणवेना, कोण जाणे.

'अव्वालाही नाही कळलं?'

कपाटात ठेवलेला टॅब त्रिशलानं स्वतः बाहेर काढला होता, अव्वाचं घर आवरताना. अव्वानं तो चारी बाजूंनी रुमालात बांधून ठेवला होता. खोटं बोलणं सोपं होतं. त्याला पडताळून बघता आलं नसतं, आणि राजमतीही काही म्हणाली नसती.

"नाही, दादा," ती म्हणाली. "तिला वाटलं तू रागावलायस."

सुकुमारनं डोळे मिटले. नेहमीसारखे अर्धवट नाही, पूर्ण. फोनवर 'बोलत आहेत' अशी ओळ आली, थोडा वेळ राहिली आणि गेली. परत आली. मग कितीतरी वेळ ती जागची हलली नाही, आणि तिच्याखाली एकही अक्षर उमटलं नाही. राजमती उठून शेगडी बंद करून आली आणि पुन्हा तिथंच बसली. त्रिशलाची पुण्याची गाडी दुपारची होती. ती बसून राहिली.